बाबांच्या बॅकअपचा पासवर्ड

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारा माणूस. वर्ध्यात एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, राहतो नालवाडीला. तरी हे लिहितोय... कारण चार महिने झाले, डोक्यात दुसरं काही नाही. वाईटही वाटत नाही, रडूही येत नाही. नुसतं बधिर.

बाबा वडनेरला शेती करायचे. मोतीबिंदूमुळे डायरी लिहिणं सुटलं, तेव्हा मीच त्यांना शिकवलं – मेसेजच्या ॲपमध्ये स्वतःच्याच नंबरवर आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. रोज सकाळी बांधावर उभे राहून बोलायचे. त्यावर आणखी शहाणपणा म्हणजे मी क्लाउडवरच्या बॅकअपला एन्क्रिप्शनचं कुलूप लावून दिलं. म्हटलं, बाबा, पासवर्ड तुमचा तुम्ही टाका, मलाही सांगू नका. कंपनीलासुद्धा तुमचं बोलणं ऐकता येणार नाही. पण विसरलात तर जगात कोणी उघडून देणार नाही.

थंडी सरता सरता बाबा गेले. दवाखान्याच्या धावपळीत फोनही हरवला. तेरवीनंतर आईला नालवाडीला आणलं. तिचं एकच मागणं होतं, त्यांचा आवाज ऐकव. सिम माझ्या नावावर होतं, ते नव्याने काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं. बाबांचं अकाउंट मीच उघडून दिलेलं, त्यात बॅकअप सापडला... आणि पासवर्डची चौकट आली.

आई म्हणाली, त्यांनी तो दाराजवळच्या भिंतीवर कोळशानं मोठ्ठा लिहून ठेवला होता. पेरणीच्या तारखा लिहायचे, तिथंच. ती भिंत तेरवीच्या आधी मी स्वतः, काही न वाचताच, चुन्यानं रंगवली होती. चांगले दोन हात मारले होते.

वडनेरला जाऊन चुना खरवडला, कोळसाही त्याच्यासोबत निघून आला. मग बैलांची नावं, शेताचे नंबर, आईचं नाव, सगळं टाकून पाहिलं. चुकलं की ॲप मला काही वेळ थांबवून ठेवायचं. आईनं एकदाच विचारलं,

"काऊन लावलं रे कुलूप?"

"बाबांचं खासगी कोणी ऐकू नये म्हणून."

"ऐकणारी मीच तं होती."

मी चौकटीत पुढचं नाव टाकून पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. भर दुपार. फोन दिवाणावर चार्जिंगला, त्याच चौकटीवर अडकलेला. आई खाली बसून लसूण सोलत होती. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो आणि बाहेरच्या खोलीतून बाबा बोलले.

"गव्हाले पाणी देलं. तिची कंबर लई दुखून राह्यली, तेल आणा लागते."

बाहेर आलो. चौकट नव्हती, सगळे मेसेज उतरले होते. आईचे दोन्ही हात लसणाच्या सालांनी भरलेले. म्हणाली, मी हात नाई लावला. तिला इंग्रजी अक्षरं येतही नाहीत. घरात तिसरं कोणी नव्हतं.

या लाइनमधल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, पासवर्ड टाकल्याशिवाय हे उघडतच नाही, तूच टाकला असशील, ताणात विसरलास. असेल. पण मी पाणी पीत होतो. आणि पासवर्ड मला आजही माहीत नाही. ॲप मधून मधून विचारतं, लक्षात आहे का म्हणून... मी 'नंतर' दाबतो.

आता माझ्या बोटाच्या ठशानं सेटिंगमधून ते एन्क्रिप्शन काढता येतं. मग अकाउंट ज्याच्या हाती लागेल तो ऐकू शकेल, पण आवाज परत अडकणार तरी नाही. परवा आईला सगळं समजावलं आणि विचारलं, काढू का कुलूप?

तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

"राहू दे. त्याईले पासवर्ड माहीत आहे."