मोजून ठेवलेले नंबर

...आणि तो नेटचा डबा होता बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या मागे. दिवे लुकलुकतात बघ, तो. आत्या बसायची मागच्या खोलीत. टेबल कसलं आलंय, इस्त्रीची फळी होती ती. भावजयीला इस्त्री करायची असली की हिनं लॅपटॉप मांडीवर घ्यायचा.

आत्या म्हणजे ज्याचं ते घर, त्याची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा भावानं चार दिवस ये म्हणून आणली, ती तिथंच राहिली. भावाची दोन्ही पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली, म्हणून गल्लीभर ती आत्याच. पोरं मोठी झाली तसं तिला कुणी फारसं विचारेना. मग तिनं काम शोधलं. डॉक्टर लोक पेशंटबद्दल बोलून ठेवतात ना, ते ऐकून टाइप करायचं आणि त्याच संध्याकाळी परत पाठवायचं. डॉक्टर पुटपुटणारा असो नाहीतर तोंडात घास ठेवून बोलणारा, हिला शब्द न् शब्द कळायचा. कामावरची बाई म्हणाली होती, महिनाभर बघू, मग कायम करू. कायम झाली की स्वतःची खोली घ्यायची, एवढंच हिच्या डोक्यात. आतून कडी लावता येईल अशी खोली.

दुपारभर सगळं सुरळीत चालायचं. मग पोरं घरी यायची, भावजय चहाला हाक मारायची, ही लॅपटॉप मिटून उठायची. चहा झाला की भांडी, भांडी झाली की भाजी चिरणं. परत येऊन उघडावा तर नेट गेलेलं. वायफायच्या काड्या पुऱ्या दिसायच्या, पण खाली लिहून यायचं, आयपी ॲड्रेस मिळाला नाही. म्हणजे काय, तर तो डबा घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक नंबर देतो, दवाखान्यात देतात तसा. नंबर असला तर आत, नसला तर बसा बाकावर. नंबर मिळाला नाही की लॅपटॉप आपल्या मनानंच एखादा लावून घेतो, पण त्या नंबराला डबा काही ओळख दाखवत नाही. पण हे तिला तेव्हा कोण सांगणार?

भाचा म्हणाला, आत्या, तुझा लॅपटॉप म्हातारा झालाय. तिला पटलं. दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली, तर तिथं लागला की झटक्यात नेटला. दुकानदार म्हणाला, मावशी, ह्याला काही झालेलं नाही, घरी बघा. घरी येऊन कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, डबा बंद करून चालू करा. केला. हिचं सुरू झालं आणि भाच्याचा टीव्हीवरचा सिनेमा ऐन रंगात बंद पडला. हात दाखवून अवलक्षण. भावजय म्हणाली, "ताई, येत नाही तर हात कशाला लावता?" तेव्हापासून डब्याला शिवायची बंदी.

भावाला तिनं सांगितलं, नेटवाल्याला बोलाव रे. रविवारी बघू, म्हणाला. रविवार आला आणि गेला, पुढचाही गेला. तोवर हिचे कागद उशिरा जायचे, कधी जायचेच नाहीत. फोनवर नेट मारायला तिचा फोन कसला, नुसता बोलायचा. एकदा तर लॅपटॉप पिशवीत घालून त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली, पण दुकानदारानं शटर ओढलं. शेवटी कामावरच्या बाईचा फोन आला. चांगलं बोलली हो. तुमचं टाइपिंग सुरेख आहे, म्हणाली, पण वेळ पाळणारं माणूस पाहिजे. हिनं हूं म्हटलं आणि भाजी चिरायला घेतली. घरात कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

त्याच आठवड्यात कपडे धुण्याचं नवं मशीन आलं. फोनवरून चालू होणारं. आणि ते काही नेटला लागेना. भावजयीनं धुसफूस केली मात्र, नेटवाला दुपारी हजर. कानामागून आलं आणि तिखट झालं म्हणतात ना, तसं ते मशीन.

नेटवाल्यानं डबा उघडून बघितला, म्हणजे आपल्या लॅपटॉपवर बघितला. म्हणाला, "हा मोजकेच नंबर देतोय. संपले की पुढच्याला नाही. कुणी बंद करून उठलं की त्याचा सुटतो, दुसरा उचलतो. एवढे कमी कुणी ठेवले?"

"मीच," भाऊ म्हणाला. शेजारची पोरं फुकट वापरत होती, म्हणून घरातलं सगळं मोजून नेमके तेवढेच ठेवले, असं सांगितलं त्यानं, आणि बोटांवर मोजूनही दाखवलं. नवराबायकोचे फोन, पोरांचे फोन, त्याचा लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, फ्रिज. नेटवाला हसला, फ्रिजलापण? भाऊ म्हणाला, हो, दार उघडं राहिलं की कळवतो तो.

आत्या दारात उभी होती. हातात ओले कपडे.

"मला धरलं होतंस का रे?"

भाऊ गोंधळला. खरंच गोंधळला. म्हणाला, "अगं ताई, तू घरचीच की. तुला काय मोजायचं?"

आणि तो लबाडी करत नव्हता बरं का. मनापासून म्हणाला. लबाडी केली असती तर तिला भांडता तरी आलं असतं.

नेटवाल्यानं नंबर वाढवले, चुटकीसरशी. मशीन लागलं. हिचा लॅपटॉपही लागला. भावजय म्हणाली, घ्या ताई, बसा आता कामाला. आत्या खरंच जाऊन बसली, रिकाम्या पडद्यापुढं. मग उठून तेच कपडे वाळत घातले.

महिना संपायच्या आत घर सोडलं तिनं. भाऊ सगळ्यांना सांगत फिरतो, काय कमी होतं तिला आमच्याकडे? आता एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे अर्धी खोली घेऊन राहते, काज-बटणं करते. कडी आहे, पण ती दोघींच्यात.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत कुणाला ऐकून टाइप करणारं माणूस पाहिजे असेल तर तिला निरोप द्या. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. फक्त निरोप त्या शिवणकामवाल्या बाईकडे ठेवा. भावाकडे ठेवलात तर तो म्हणेल, रविवारी सांगतो.