पाणी आलं कुठून

रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना अख्खं इस्पितळ पाठीमागे ‘नाकमुरडी’ म्हणायचं. त्यात खोटं काही नव्हतं. ओशट कप, टेबलावर सुकलेले चहाचे डाग, सगळ्यांचीच त्यांना किळस. पण सर्वांत जास्त किळस ‘रिअ‍ॅक्शन’ या शब्दाची. अंगावर पित्त उठलं, रिअ‍ॅक्शन. थंडी वाजली, रिअ‍ॅक्शन. माणूस गुदमरून निळा पडला, तरी रिअ‍ॅक्शनच!

“सगळ्या भाज्यांना पाला म्हणणारी माणसं,” त्या घरी कुरकुरायच्या.

“ताई, निदान जेवताना तरी नको गं,” धाकटी बहीण म्हणायची.

त्या दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डातून फोन आला. शिवणकाम करणारी एक तरुण बाळंतीण. प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवाची, पिशवी संपते न संपते तोच तिला धाप लागली होती. बाई पोचल्या तेव्हा वॉर्डातले डॉक्टर लघवी वाढवणारं दुसरं इंजेक्शन भरत होते.

“फुफ्फुसात पाणी झालंय, मॅडम. एक्स-रे बघा, पांढराफटक. प्लाझ्मा जास्त चढला.”

“एका पिशवीनं? पाणी कुठूनही आलं तरी एक्स-रे पांढराच येतो. तिच्याकडे बघितलंत का?”

पाणी जास्त झालं असतं तर मानेच्या शिरा टरारून फुगल्या असत्या, रक्तदाब चढला असता. हिच्या शिरा सपाट, दाब खाली, अंगात ताप. हे पाणी वरून ओतलेलं नव्हतं. दात्याच्या रक्तातल्या कशानं तरी भडकून तिची फुफ्फुसंच आतून झिरपत होती.

“ती सुई ठेवा खाली. आणखी पाणी काढलंत तर दाब कोसळेल. श्वासाचं मशीन लावा. आणि पेढीत फोन करा, त्याच दात्याची दुसरी पिशवी कुणालाही द्यायची नाही. हिची रिकामी पिशवी कुठाय? तपासायला हवी.”

“टाकली.”

कचऱ्याच्या डब्यात चिकट बोळे होते, वर केळ्याची साल.

“अहो बाई, मी काढते की!” आया म्हणाली.

पण बाईंनी हातमोजे चढवले, तोंड कडू केलं आणि कोपरापर्यंत हात घालून पिशवी बाहेर काढली. श्वासाच्या मास्कवरून बाळंतिणीचे दोन घाबरे डोळे बघत होते.

काही दिवसांनी मास्क निघाला. बाई खाटेपाशी गेल्या, तशी बाळंतीण म्हणाली, “बाई, त्या डब्यात हात घातलात तुम्ही? शी!”

बाईंनी नाक मुरडलं नाही. लांबलचक ‘शी’ होती ती, आणि मध्ये धाप लागली नव्हती.