बारक्या दुर्बिणीचं झाकण

मोहोळजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेला दुर्बीण मिळाली तेव्हा सूर्यावरचे डाग मुलांना दाखवायचे असं मी ठरवलं. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीचा खास फिल्टर बसवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चिकटपट्टी लावली. नळीची सावली सगळ्यात लहान झाली की दुर्बीण सूर्याकडे वळली, हेही मुलांना दाखवलं.

मोठ्या नळीवर एक बारकी दुर्बीण असते, तारे शोधायला. तिला फिल्टर नव्हता, म्हणून दिवसा तिचं झाकण लावूनच ठेवायचं. ते मीच सकाळी काच पुसायला काढलं आणि टेबलाच्या खणात विसरले.

रांगेतली सातवीची मुलगी मोठ्या नळीला डोळा लावायला वाकली. "बाई, दोन डाग दिसत्यात की!" म्हणाली, आणि तेवढ्यात किंचाळून मागं सरली. केस जळाल्याचा वास आला. बारक्या दुर्बिणीतून आलेलं ऊन तिच्या डोक्यावर पडलं होतं. रिबिनीला भोक आणि कानाच्या वर लाल चट्टा. तिनं त्या बारक्या नळीला डोळा लावला असता तर?

मुख्याध्यापक धावत आले. "झाकण कुणी काढलं?"

"मावशींनी झाडताना काढलं असेल," मी बोलून गेले.

मावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या आणि सकाळी वर्ग झाडणाऱ्या बाई. त्या व्हरांड्यातच उभ्या होत्या.

"म्या हात बी लावला न्हाय, सर."

"मग काय आपोआप निघालं? कळत नाही त्या वस्तूला हात कशाला लावता?" सर सगळ्या पोरांसमोर बोलले. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मुलीच्या चट्ट्यावर पाणी लावत राहिले, मान वर केली नाही.

दोन दिवस मी खरं सांगितलं नाही. चट्ट्याची लाली उतरली, मुलीचे आईवडील समजुतीनं बोलले, विषय मिटल्यासारखा झाला. पण मधल्या सुट्टीत पोरं मावशींना चिडवायला लागली, "मावशी, झाकण कुटं हाय?" त्या खिचडी वाढत राहायच्या.

तिसऱ्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, झालं ते झालं." मी सुटल्यासारखी स्वयंपाकखोलीत गेले आणि मावशींची माफी मागितली.

त्या तांदूळ निवडत होत्या. "सरास्नी खोलीत सांगितलं व्हय? माझ्यावर आळ घेतला तवा समदी शाळा हुती, बाई."



दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी माईक हातात घेतला. झाकण मी काढलं होतं, खोटं मी बोलले होते, मावशींचा काही दोष नव्हता, एवढंच सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ज्यांना मी रोज खरं बोला म्हणून सांगते, ती पोरं माझ्याकडे बघत होती.

आता मावशी माझ्याशी नीट वागतात, कामापुरतं बोलतात. पुढं दुर्बीण पुन्हा लावली तेव्हा मी त्यांना बोलवायला गेले. "न्हाय बाई, मला बघायचं न्हाय," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. मी आग्रह केला नाही.