इनेझबायची बदकं

आगाशीत रामनाथ चौधरीची वाडी आणि इनेझबायचं घर यांच्यामध्ये एक बावखल होतं. वाडी शिंपायला खणलेलं जुनं तळं. इनेझबायची बावीस बदकं दिवसभर त्यात असायची.

१९७५ साली रामनाथच्या वांग्यांना शेंडेअळी लागली. त्याची बायको नर्मदा दर वर्षी सुकलेले शेंडे खुडून जाळायची, निंबोळ्या कुटून भिजवलेलं पाणी शिंपडायची. त्या वर्षी रामनाथला तेवढा धीर नव्हता. त्याने एन्ड्रिन या जहाल कीटकनाशकाची बाटली आणली, फवारणी केली, पंप बावखलात धुतला आणि उरलेलं औषध तिथंच ओतलं.

सकाळी मासे पोटं वर करून तरंगत होते. रामनाथने घाईघाईने ते टोपलीत भरले आणि केळीखाली पुरले. पण बदकांनी त्याआधीच काही खाल्ले होते. दुपारपर्यंत त्यांनी माना टाकल्या.

"रामनाथ, काय झालं रे हे?" इनेझबाय काठावर बसूनच राहिली.

"रोग असेल. खायला काही वाईट गेलं का?"

आदल्या दिवशी तिच्या सुनेने, ग्रेसीने, बदकांना आंबलेला भात घातला होता. इनेझबायने तेच धरून ठेवलं. ग्रेसी रडली, शपथा घेतल्या. वर्षभरात ती नवऱ्याला घेऊन मनवेलपाड्याच्या चाळीत राहायला गेली.

रामनाथ आणखी दोन वर्षं फवारत होता. भोपळ्याला फुलं यायची, फळ धरायचं नाही. नर्मदा रोज सकाळी नरफुलं तोडून मादीफुलांना लावत फिरायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "मधमाश्यांचं कामसुद्धा आता मीच करू?" त्या दिवसापासून त्याने बाटली आणली नाही. पुन्हा निंबोळ्या आल्या, खुडणं आलं. वांगी थोडी कमी निघायची. हळूहळू बावखलात पुन्हा बेडूक ओरडू लागले.

१९८१ मध्ये तो चार बदकं घेऊन इनेझबायकडे गेला आणि त्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "सहा वर्षं मी त्या पोरीला दोष दिला. बदकं मला नकोत. तिला जाऊन सांग."

तो दुसऱ्याच दिवशी मनवेलपाड्याला गेला. ग्रेसी दारातच कपडे वाळत घालत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेव्हा का नाही बोललात, काका? मी तर तुमच्यासमोर रडत होते."



त्या नाताळाला ग्रेसी मुलांसह आगाशीला आली, सासूच्या शेजारी बसून जेवली. पण राहायला परत आली नाही. मुलांची शाळा तिकडे होती, संसार तिकडे रुजला होता. इनेझबाय शेवटपर्यंत एकटीच राहिली. तिचं पाणी भरणं, बाजारहाट रामनाथच करायचा. ती नको म्हणायची नाही आणि त्याच्याशी फारसं बोलायचीही नाही.