थोरलीच्या कपाळावरचं कुंकू

इथले भुताखेतांचे अनुभव मी गेली चार वर्षं वाचतेय, आणि स्पष्टच सांगते, बरेचदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून हसलेय. माझ्या बाबांनी नागपूरला ऐन अमावास्येला स्कूटर घेतली होती, ती वीस वर्षं चालली. अशा घरातली मी. त्यात सिव्हिल इंजिनियर. त्यामुळे "कोणीतरी पाठीमागे उभं होतं…" वगैरे वाचलं की मी म्हणायची, बाप्पा, वळून बघायचं ना मग!

आता माझी पाळी आली आहे. हसायचं तर हसा. पण यातलं अमानवीय काय ते शेवटी तुम्हीच ठरवा, कारण मला स्वतःला भीती कमी आणि लाज जास्त वाटते.

जागा बंगळुरूमधली, यशवंतपूरची. कंपन्यांची नावं सांगत नाही. रेल्वे लाइनच्या अलीकडे पाण्याचे पंप बनवणारा एक जुना कारखाना होता, कित्येक वर्षं बंद पडलेला. ती जमीन आमच्या बिल्डरने घेतली. तीन टॉवर, क्लब हाउस, "मेट्रो स्टेशनपासून फक्त आठ मिनिटं". ती आठ मिनिटं मी स्वतः मोबाइलवर वेळ लावून चालून बघितली होती, अकरा भरली. मार्केटिंगवाले म्हणाले, मॅडम, भरभर चाला. माझं काम प्लॅनिंगचं — कोणती शेड कधी पाडायची, कुठला मलबा कधी हलवायचा, कोणाची गाडी कधी आत येणार. वेळापत्रक माझं, आणि त्या वेळापत्रकाचा मला भारी गर्व.

मशीन शॉप नावाची लांबलचक शेड शेवटी पाडायची होती. आतली यंत्रं भंगारवाल्याने एकेक करून नेली होती. एकच उरलं होतं, एक अजस्र लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. एवढं लांब की त्यासाठी वेगळी क्रेन मागवावी लागणार होती.

त्या लेथसाठी एक दिवस यल्लोजी अण्णा गेटवर आले.

यल्लोजीराव म्हणजे इथले जुने मराठी. त्यांच्या कितव्या पणजोबांनी मुलूख सोडला ते त्यांनाही माहीत नाही. मल्लेश्वरममध्ये घर, सत्तरी उलटलेली, मराठी बोलतात पण त्यात निम्मं कन्नड. त्या लेथवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तिला ते 'थोरली' म्हणायचे.

"आमची बायको म्हणत्ये की, ती थोरली, मी धाकटी," ते मला सांगत होते. "पगार झाला तर पयला हार कोणाला? थोरलीला. घरी सवतीसारखं भांडण!"

उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. "हिनंच घेतलं. पण चूक माझी, अक्का. ध्यान दुसरीकडे होतं. तिची काय चूक नाही."

इथे मोठ्या वयाची माणसंही परक्या बाईला मानाने अक्का म्हणतात, त्याची मला सवय झाली होती.

मागणं साधंच होतं. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, इथे कारखान्यांत केवढ्या थाटात होते ते बंगळुरूत राहणाऱ्यांना सांगायला नको. यंत्रं धुऊनपुसून, भस्माचे पट्टे ओढून, हार घालून, दारात कोहळा फोडतात. कारखाना अचानक बंद झाला तेव्हा गेटला कुलूप लागलं आणि कोणालाच आत जाऊ दिलं नाही. थोरलीची पूजा तेव्हापासून झाली नव्हती. "आता ती जाणार. तशीच उघड्या कपाळानं कशी पाठवू? स्वल्प वेळ द्या, अक्का. एक घंटा. मग तुम्ही काय पण करा."

माझे डोळे भरून आले, खरंच. मी म्हटलं, "अण्णा, शुक्रवारी सकाळी अकराला या. मी स्वतः थांबते." ते गेले आणि मी विसरले. डायरीत लिहिलं नाही, काही नाही. तीच मी, वेळापत्रकवाली!

गुरुवारी भंगारवाल्याच्या माणसांनी लेथ पायावरून सुटी केली आणि रोलरवरून ढकलत शेजारच्या जुन्या रंगखात्यात नेऊन ठेवली. क्रेन शनिवारी येणार होती. रंगखात्याला समोरची भिंत राहिली नव्हती, म्हणून तिथे पत्रे स्क्रूने आवळून बंद केलं. हे सगळं माझ्याच सहीने.

शुक्रवारी बरोब्बर अकराला अण्णा हजर. अंगात कंपनीचा जुना खाकी युनिफॉर्म, कडक इस्त्रीचा. कमरेत सैल झालेला, पट्ट्याने आवळलेला. हातात पिशवी, त्यात हार, झेंडू, कापूर, भस्म, कुंकू, नारळ आणि एक मोठा थोरला कोहळा. त्यांना बघितलं तेव्हा मला आठवलं.

आता नीट वाचा. लेथ तिथून पन्नास पावलांवर होती. पत्रे काढायला दोन माणसं आणि अर्धा तास लागला असता. बाराला माझा हेड ऑफिसबरोबर कॉल होता. माणसं जेवायच्या तयारीत होती, त्यांना सांगायचं, त्यांची तोंडं बघायची… कंटाळा आला हो मला. दुसरं काही कारण नाही. कोणाचा दबाव नव्हता, कोणी मना केलं नव्हतं. नुसता कंटाळा.

मी म्हटलं, "अण्णा, सॉरी. लेथ कालच गेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पत्र्यांकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"अख्खी गेली की कापून?"

"अख्खी."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं.

मग त्यांनी विचारलं, तिची जागा तरी दाखवता का? मी शेडमध्ये घेऊन गेले. काँक्रीटचा चौथरा होता, त्यातून चार गंजके बोल्ट वर आलेले. अण्णांनी चपला काढल्या, रुमालाने चौथरा पुसला, तीन बोटं भस्मात बुडवून पट्टे ओढले. तीन बोटांचे तीन पट्टे यायला हवेत ना? पण मधलं बोट अर्धं, त्यामुळे वर एक पट्टा, खाली एक, मधे मोकळं. त्या मोकळ्या जागेत त्यांनी कुंकवाचा टिळा लावला. वर एक झेंडूचं फूल. सिक्युरिटीवाला म्हणाला इथे कोहळा फोडायचा नाही, घाण होते. मी तेवढ्यावरही काही बोलले नाही. अण्णांनी कोहळा परत पिशवीत ठेवला. मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मी तो खाल्ला, उभ्या उभ्या, घड्याळात बघत.

साइटचे फोटो रोज काढायचा नियम आहे, म्हणून त्या चौथऱ्याचाही एक फोटो काढला. अण्णांना गेटपर्यंत सोडलं, रिक्षात बसवलं, रिक्षा वळताना पाहिली. कॉलला मी वेळेवर होते.

शनिवारी सकाळी नऊला क्रेन आली. माझ्यासमोर पत्र्यांचे स्क्रू काढले. एकही सैल नव्हता, दोन तर इतके आवळलेले की निघता निघेनात. पत्रा बाजूला झाला आणि ऊन आत पडलं.

लेथच्या डोक्याच्या भागावर भस्माचे पट्टे होते. वर एक, खाली एक. मधे मोकळं, आणि त्या मोकळ्या जागेत कुंकू. ओलं. काम पकडणाऱ्या जबड्यावर, म्हणजे चकवर, झेंडूचं फूल.

मी पहिली कुठे धावले असेन तर मशीन शॉपमध्ये. चौथऱ्यावर काहीही नव्हतं. भस्म नाही, कुंकू नाही, फूल नाही. कोणी झाडलं म्हणावं तर धुळीचा थर जसाच्या तसा, अण्णांनी रुमालाने पुसलंच नव्हतं जणू, बोट फिरवलं तर रेघ उठेल असा. मोबाइलमध्ये कालचा फोटो उघडला. फोटोत सगळं होतं.

परत आले तर क्रेनवाला चपला काढून हात जोडून उभा. "पूजे आगिदे, मेडम," म्हणाला, म्हणजे पूजा झालेली आहे. कोहळा फोडल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही, असं त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. मागे भंगारवाल्याची चार माणसं उभी.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? अण्णांना फोन केला असता. नंबर होता माझ्याकडे. मल्लेश्वरमहून यायला वीस मिनिटं. कोहळा तर त्यांच्याच घरी पडून होता! पण मग कालचं खोटं उघडं पडलं असतं. तेही सगळ्यांसमोर.

मी तिथे पडलेली चिंधी उचलली, म्हटलं "किसीने मजाक किया है," आणि पुसून टाकलं. फूल पायाने बाजूला सारलं… हो, पायाने. मग गेटपासवर सही करायला टेबलाकडे गेले. दोन मिनिटं, फार तर तीन.

वळले तर पट्टे पुन्हा होते. तसेच. कुंकू तसंच ओलं. क्रेनवाला जागचा हललेला नव्हता. तो लेथकडे बघतच नव्हता, तो माझ्याकडे बघत होता.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी घाबरायचं. घाबरले ना! पण भीतीपेक्षा राग जास्त आला, की आता हे मला सगळ्यांसमोर उघडं पाडणार. मी चिंधी डिझेलमध्ये बुडवली आणि दुसऱ्यांदा पुसलं. घासघासून. लोखंड चकचकीत होईपर्यंत. "उठाओ," म्हणून ओरडले. भंगारवाल्याने दुसरा ड्रायव्हर आणला, आणि थोरली गेली. उघड्या कपाळाने. पुढे गॅस कटरखाली.

यानंतर मला ताप नाही आला, स्वप्नं नाही पडली, काहीच नाही झालं. ते झालं असतं तर बरं होतं. टॉवरचा पाया भरला, मला बढती मिळाली.

खंडेनवमीला मला राहवेना. पेढे घेऊन मल्लेश्वरमला अण्णांच्या घरी गेले. ठरवून गेले होते की आज खरं सांगायचं. दार अण्णांच्या बायकोने उघडलं. "थोरलीच्या ऑफिसातल्या अक्का आल्यात बगा," म्हणून आत हाक मारली. घरात हातोडी, पाना, शिवणाचं मशीन सगळं पुजून ठेवलेलं. चहा झाला. मी सुरुवात केली, "अण्णा, त्या दिवशी लेथ गेलेली नव्हती."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"वास आला. तिच्या तेलाचा. एकतीस वरीस तो वास अंगाला, अक्का, बायको आंघोळ केल्याबिगर जेवू देत नव्हती. पत्र्याच्या मागं होती ती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची माणसं होती ना तिथं," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं कसं पाडू? काय तरी अडचण असेल म्हटलं. लांबनंच नमस्कार केला."

मला रडूच फुटलं. रडत रडतच मी शनिवारचं सगळं सांगून टाकलं — पत्रे, पट्टे, मधली मोकळी जागा, ओलं कुंकू, रिकामा चौथरा. अण्णा पुढे झुकून ऐकत होते. त्यांचा हात आपोआप आपल्या अर्ध्या बोटाकडे गेला.

"मी तर चौथऱ्यावरच लावलं," ते हळूच म्हणाले. "तुमच्यासमोर." मग त्यांनी विचारलं, "पुसलं नाही ना कोणी?"

मी सांगायलाच गेले होते. देवाशप्पथ, सांगायलाच गेले होते.

"नाही," मी म्हटलं.

"कपाळावर घेऊनच गेली?"

"हो अण्णा."

त्यांनी चष्मा काढला. बायकोला हाक मारली. "ऐकलंस का गे? थोरली सवाष्ण गेली!" आणि ती म्हातारी बाई, जिने जन्मभर त्या लोखंडाला सवत म्हटलं, तिने पदर डोळ्यांना लावला. मग अण्णांनी माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे! माळ्यावरून त्यांनी कोहळा काढला. तोच. कोहळा वर्षभर टिकतो. मला दारात उभं केलं, माझ्यावरून ओवाळला आणि उंबऱ्याबाहेर फोडला, माझी दृष्ट निघावी म्हणून.

हे कसं घडलं ते मला आजही सांगता येत नाही. पट्टे तिथे कसे गेले, पुसल्यावर परत कसे आले, चौथरा कोरा कसा झाला, कोणाला काही सुचलं तर खाली लिहा. फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. अण्णांना उतरत्या वयात चांगली झोप लागते, असं त्यांची बायको फोनवर सांगते. खंडेनवमी परत आली आहे, त्यांनी जेवायला बोलावलंय, मी हो म्हटलंय. मी दोनदा पुसलं. हे तुम्हा अनोळखी लोकांना सांगतेय, कारण त्यांना सांगायचं धाडस मला याही वर्षी होणार नाही.