कडेचं बोल

शोभाताईंच्या गाडीत गप्प बसायची सोय नव्हती. आपल्याकडे बायकांना ‘जरा गप्प बस’ हेच ऐकायची सवय, पण इथे सगळं उलटं. स्टेअरिंग हातात आलं की दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. “डावीकडून रिक्षा. उजवीकडे केळ्यांची गाडी. दोन पोरं, एकाच्या हातात भोवरा.” हो, भोवरासुद्धा सांगायचा. बोलणं जरा थांबलं की ताई त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबत. गाडी आचका देऊन उभी राही आणि मागचे लोक हॉर्न वाजवून आपला उद्धार करत. “कामून गप बसली? कडेचं बोल, कडेचं! समोरचं मला बी दिसतंय. समोरून येणारा मारत नाय बाई, मारतो तो कडेचा.”

हर्सूलच्या रस्त्यावर त्यांचं बायकांसाठीचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि एक जुनी पांढरी गाडी. गाडीच्या छपरावर पाटी, पुढेमागे लाल एल आणि डाव्या सीटपाशी शिकवणाऱ्यासाठी जादा क्लच-ब्रेक. त्यांचा नवरा वाळूजच्या एका कंपनीची बस चालवायचा. तो आजारपणात गेला, तेव्हा त्यानंच शिकवलेलं ड्रायव्हिंग ताईंच्या कामाला आलं. शेवटची परीक्षा शहागंजच्या बाजारात, ऐन संध्याकाळच्या गर्दीत. “शहागंजातनं गाडी काढली ती बाई दुनियेत कुठं बी जाईल,” असं त्या म्हणत. बेचाळिसाव्या वर्षी मीही काढली. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला होता, पण तोंडाची टकळी बंद पडू दिली नाही. शेजारी ताई मान ताठ ठेवून बसलेल्या आणि उजवा पाय ब्रेकवर. त्या पायाच्या भरवशावर मी निर्धास्त होते.

पुढे आमची मैत्री झाली. माझ्या लेकीचं, ईशाचं नावही मी तिच्या बारावीनंतरच्या बॅचला देऊन ठेवलं. एकदा चहा पिता पिता ताईंनी विचारलं, “वर्षा, तू शाळेत शिकवतीस. जिथं रस्त्याच्या कडेला काहीच नसतं, असं कुठं हाय का गं?”

“कच्छचं रण,” मी म्हटलं. “पण आधी समुद्राच्या कडेकडेनं जायचं, मग रण.”

“मग जाऊ की.”

जानेवारीत निघालो, त्याच गाडीनं. माझा नवरा म्हणाला, “दोन बायका आणि एक एल, आता देवच वाली.” एल आणि पाटी काढू या म्हटलं, तर ताई ऐकेनात. “एल बघितला की दुनिया लांब पळती. एवढी इज्जत आपल्याला दुसरं कोण देतंय?” त्यांचं खरं निघालं. गुजरातच्या हायवेवर मोठाले ट्रक आम्हाला वाट देत होते. मांडवीला एका हॉटेलवाल्यानं तर, इथे क्लास काढताय का, बायकोला घालतो, असं विचारलं. ताईंनी त्याला फीसुद्धा सांगून टाकली.

मांडवीच्या पुढे वस्ती विरळ होत गेली. बाभळी, मीठ, वाऱ्यानं वाकलेली झुडपं, मध्येच एखादी चौकी. कोटेश्वरला जमीन संपते. तिथे ताई समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि टेबलफॅनसारखी हळूहळू मान फिरवत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, बाई भारावली. लखपतच्या किल्ल्यातून बाहेर पडताना त्या चहाच्या बाकड्याला धडकल्या. मी म्हटलं, “जगाला गाडी शिकवता, तुम्हाला चालायला कोण शिकवणार?” त्या खो खो हसल्या. आणि मी, दहावीला दरवर्षी मानवी डोळ्याचा धडा शिकवणारी बाई, मीही त्यांच्याबरोबर हसले.

एकच गोष्ट मला खटकत होती. इतक्या लांबच्या प्रवासात त्यांनी एकदाही स्टेअरिंगला हात लावला नव्हता. विचारलं की म्हणायच्या, “गुरू गाडी हाकत नसतो. गुरू बसतो.”

खावड्याच्या पुढे रणातला रस्ता लागला. सरळ, उंचावलेला, दोन्ही अंगांना पांढरंशुभ्र मीठ. आभाळ कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते, कळत नव्हतं. पुढे गाडी नाही, मागे गाडी नाही. मी आयुष्यात एवढं रिकामं काही पाहिलं नव्हतं. सगळ्या प्रवासात पहिल्यांदाच माझं तोंड बंद झालं. बोलणार तरी काय? कडेला काही नव्हतंच. ताईंनीही त्यासाठी ब्रेक दाबला नाही.

आणि डाव्या उतारावरून उंट वर चढला.

ताईंच्या खिडकीच्या बाजूनं तो आला. एक, त्याच्या मागे दुसरा, सावकाश, थेट रस्त्यावर. मला वाटलं, ताई आता ब्रेक मारतील. क्षणभर मी खरोखर त्यांच्या पायाची वाट बघितली. पाय हलला नाही. मग मीच किंचाळत ब्रेक दाबला. गाडी तिरपी घसरली आणि उंटाच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. त्याचं पोट खिडकीला लागेल इतकं जवळ होतं.

उंटवाला धावत वर आला. “बहन, इतना बडा ऊँट नहीं दिखा क्या?”

तो मला विचारत होता. मी ताईंकडे पाहिलं. त्या अजून समोरच बघत होत्या.

“काय झालं?” त्या म्हणाल्या. “कुठं हाय उंट?”

त्यांच्या खिडकीबाहेर उंट उभा होता.

“ताई, तुम्ही ब्रेक का नाही मारला?”

“तू बोललीच नाहीस.”

उंट गेले. मी गाडी कडेला घेतली. ताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. काचबिंदू. तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी शिकवणं बंद करा म्हणून बजावलं होतं. “समोरचं दिसतंय. नळीतनं बघितल्यावानी. कड तेवढी गेली. आता नळी बी आवळत चाललीय.”

तीन वर्षं! मी तर दोन वर्षांपूर्वी शिकले. शहागंजातली ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढून सरकली. हातगाड्या, बुरख्यातल्या बायका, मध्येच पळालेलं पोर. ज्या पायाच्या भरवशावर मी निर्धास्त होते, त्या पायाला माझ्याच तोंडाचा भरवसा होता!

“तुम्ही माझ्या ईशाला शिकवणार होता,” मी ओरडले. “ईशाला!”

“आजवर एक बी ॲक्सिडेंट नाय झाला, वर्षा. बोलणाऱ्या बाईला दिसतंच. आन् तिला दिसलं की मला बी दिसतं.”

“आणि जी गप्प बसली ती? आज मी गप्प बसले!”

समोरच्या मिठाकडे बघत त्या म्हणाल्या, “म्हणून तर हितं आले. जिथं कडेला काहीच नाय, तिथं तरी तुझ्याइतकंच मला दिसंल म्हनलं. तर हितं बी उंट निघाला.”

मला हसू आलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना कवटाळून रडावंसंही वाटत होतं. यातलं मी काहीच केलं नाही. गाडी सुरू केली. परत फिरल्यावर मी मुद्दाम अवाक्षर काढलं नाही. ताईही बोल म्हणाल्या नाहीत. मैलोन् मैल त्या समोर बघत, ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिल्या. भुजच्या अलीकडे म्हशींचा कळप आडवा आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी गप्प बसून जणू त्यांच्या खोलीतला दिवाच मालवला होता. “डावीकडून म्हशी,” मी म्हटलं. “वीसेक असतील. एक पांढऱ्या कपाळाची.” त्यांनी नुसती मान हलवली.

धुळ्यापर्यंत आम्ही म्हशी, टँकर आणि टोलनाके यांपलीकडे काही बोललो नाही. ड्रायव्हिंग स्कूलचं काय करणार, हे मी विचारलं नाही. मनात मात्र पक्कं केलं होतं, त्यांनी ते बंद केलं नाही तर एकेका बाईच्या घरी जाऊन मी सांगणार. ते सांगताना आपलं तोंड कसं होईल, याचीही धास्ती होतीच.

वेरूळ मागे पडलं. दौलताबादच्या घाटात तो जुना दरवाजा आहे, एका वेळी एकच गाडी जाते. समोरची बस निघायची वाट बघत आम्ही थांबलो होतो. तेव्हा ताईंनी चपला काढल्या, दोन्ही पाय पॅडलवरून उचलले आणि सीटवर मांडी घातली. त्यांना मी तशी बसलेली कधीच पाहिली नव्हती.

“ताई, पाय?”

“आता एकच ब्रेक हाय गाडीत. तुझा. घरी गेलं की छपरावरची पाटी उतरव. माझा हात पोचत नाय. आन् ईशाला चांगल्या ठिकाणी घाल.”

बस निघाली. मी दोन्ही भिंतींकडे बघत गाडी दरवाज्यातून काढली. या जुन्या दगडांचं मला आजवर कधी भय वाटलं नव्हतं.

“कडेचं बोल,” ताई म्हणाल्या.

“आता कशाला?”

“ब्रेकसाठी नाय गं. नुसतं बघायला.”

मी गिअर बदलला. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. “बोल ना. गप नको बसू.”

“डावीकडे पेरूवाल्या बाया,” मी म्हटलं. “ओळीनं बसल्यात. एकीच्या मांडीवर पोर झोपलंय.”

“कोणत्या कुशीवर?”

मी गाडी थांबवली, नीट बघितलं आणि सांगितलं.