चिखलावर इलाज

एल्रॉय मेनीगोट्स बायकोच्या घरी राहतो, याचं पिन्यॉनच्या माळावर कुणाला नवल नव्हतं. डिने या तिथल्या आदिवासी लोकांत घर बाईचं, मेंढरं बाईची, जमीनही तिच्या आईकडून आलेली. म्हणजे एकजात सगळे पुरुष घरजावईच. कोण कुणाला हसणार? एल्रॉयची पंचाईत वेगळी होती. जिचं घर, ती लुसिंडाच घरात नव्हती, आणि जावई मात्र तिच्या बावीस मेंढरांना वैरण घालत बसला होता.

लुसिंडाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस चिन्ली गावी डायलिसिसच्या मशीनवर जावं लागे. गेल्या हिवाळ्यात बर्फ वितळलं, डांबरी रस्त्यापर्यंतच्या नऊ मैल लाल मातीचा राडा झाला आणि ट्रक ओढ्यात रुतला. तिचं एक मशीन चुकलं, पाय सुजून खांबासारखे झाले. मग ती चिन्लीला बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "चिखल आहे रे. नाहीतर कशाला गेले असते?"

उन्हाळा आला, माती विटेसारखी वाळली. ती म्हणाली, वळवाचा काय भरवसा? वळीव सरले, तर म्हणाली, आता बर्फ पडेलच. एल्रॉयला ते सगळं पटत गेलं. शहाण्या माणसाला जे चटकन दिसतं ते प्रेमात पडलेल्या म्हाताऱ्याला दिसत नाही, आणि दाखवणाऱ्याचा त्याला राग येतो.

तीस वर्षं त्यानं कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केली होती. दुखणं चिखलाचं, तर औषधही चिखलावर. गॅलपच्या भंगारवाल्याकडून त्यानं एका ठोकलेल्या टोयोटाचा मागचा अख्खा आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, आणला. साध्या गाडीचं एक चाक चिखलात गेलं की तेच गरगरत राहतं आणि कोरड्यातलं दुसरं हातावर हात ठेवून बघत बसतं. या आसात विजेवर चालणारं कुलूप होतं. ते लागलं की दोन्ही चाकं जोडीनंच फिरायची.

मूळ गाडीत ते कुलूप कधी लावायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. एल्रॉयच्या जुन्या ट्रकला तो नव्हताच. त्यानं वीज चालू-बंद करणारे दोन रिले बसवले, वायरी ओढल्या आणि स्टिअरिंगशेजारी एक बटण लावलं. आता सगळा कारभार त्याच्या एका बोटावर.

आस चढवायला लुसिंडाचा धाकटा भाऊ हार्लन आला होता. गाडीखाली पडल्या पडल्या तो म्हणाला, "दाजी, एक विचारू? जूनमध्ये कुठला चिखल होता?"

"पाना दे," एल्रॉय म्हणाला.

मार्चमधल्या एका शनिवारी मशीन संपल्यावर तो तिला घ्यायला गेला. नाही म्हणायला तिच्याकडे आता कुठली सबबच उरली नव्हती. ओढ्यात ट्रक बसला, त्यानं बटण दाबलं. बटणावरचा दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला, आणि ट्रक खेचरासारखा चिखल तुडवत वर आला. एल्रॉयचा आनंद पोटात मावेना. लुसिंडा खिडकीबाहेर बघत राहिली.

घर त्यानं झाडून ठेवलं होतं, शेगडी पेटती होती, मटणाच्या रश्श्यात मीठ बेताचं घातलं होतं. ती थोडं जेवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून तिनं हात फिरवला, आणि आत येऊन कोटासकट खुर्चीवर बसली.

"मला उद्या सोड. आता परत येणार नाही मी."

"का? चिखलाचं तर केलं ना मी."

"चिखलाचं मी तुला वाईट वाटू नये म्हणून बोलले होते. तू चिखलावर इलाज काढशील हे मला कुठं ठाऊक?" तिचा आवाज थकलेला होता. "आयुष्यभर पाणी वाहिलं, लाकडं फोडली. तिथं नळ फिरवला की गरम पाणी येतं, एल्रॉय. मला तेवढंच हवंय आता."

"मग मीही येतो."

"बहिणीच्या दोन खोल्यांत? आणि मेंढरं? तू इथंच राहा. घर माझं आहे, तुला कुणी उठवणार नाही."

ती हे मायेनं म्हणाली, म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. चाळीस वर्षं जे घर त्याला आपलं वाटत होतं, ते आज त्याला राहायला दिलं गेलं.

सोमवारी ओढ्यात ट्रक पुन्हा बसला. डावं चाक गरगरलं, काचेवर लाल शिंतोडे उडाले. एल्रॉयचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. इथं फोन लागत नाही. बटण नाही दाबलं तर पायी घरीच परतावं लागेल, निदान आजचा दिवस तरी ती राहील. लुसिंडानं बटणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिला सगळं कळलं होतं.

"उद्या माझं मशीन आहे," ती हळूच म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. दिवा स्थिर झाला, दोन्ही चाकांनी माती धरली आणि ट्रक एका दमात वर चढला. इतकं बिनचूक काम त्यानं खाणीतही कधी केलं नव्हतं.

डांबरी रस्ता लागताच त्यानं कुलूप सोडलं. कोरड्या रस्त्यावर ते तसंच लावून ठेवलं तर वळणावर काहीतरी मोडतं. मग गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला. लुसिंडानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबली. तिला घाई नव्हती.